रानफुलांचे बी : संकलन आणि पेरणी

ग्वाल्हेर जिल्ह्यातील डबऱ्याजवळचे पवाया हे गाव म्हणजेच प्राचीन पद्मावती नगरी, असे अभ्यासक मानतात. भवभूतीच्या ‘मालतीमाधव’ नाटकाचे कथानक याच नगरीत घडते आणि त्यातील नायिकेचे नावही एका सुगंधी फुलाचेच आहे. आज त्याच प्रदेशात पडीक जमिनीवर आणि रस्त्यांच्या कडेला गाजर गवत व घाणेरी यांनी ठाण मांडले आहे. गावची रानफुले मुलांना दाखवावयाची, तर शिक्षकाला दूरवर जावे लागते.

बी कोणते निवडावे याला किती महत्त्व आहे, ते चंबळच्या खोऱ्यात दिसून आले. जमिनीची धूप थांबावी, या हेतूने १९८० च्या दशकात तेथील घळींवर (स्थानिक बोलीत ‘बीहड’) विमानातून विलायती बाभळीचे बी टाकण्यात आले. हेतू चांगला होता आणि झाडेही उगवली. पण ती इतकी फोफावली की स्थानिक वनस्पतींना जागा उरेनाशी झाली. म्हणून रानफुलांच्या पेरणीसाठी बी शक्यतो त्याच परिसरातील घ्यावे.

बी गोळा करण्याचा हंगाम सामान्यतः पावसाळा सरल्यावर, आश्विन-कार्तिकात येतो. फळ हिरवे असताना तोडू नये; शेंग वाळून तपकिरी होऊ द्यावी. तेरड्याच्या बाबतीत मात्र दक्षता हवी. पिकलेल्या बोंडाला नुसता हात लागला, तरी ते फुटून बी उधळते. म्हणून पिकू लागलेल्या बोंडांवर पातळ कापडाची पिशवी सैलसर बांधून ठेवणे उत्तम. एकाच झाडाचे सारे बी न घेता अनेक झाडांवरून थोडे थोडे घ्यावे व निम्म्याहून कितीतरी अधिक बी जागेवरच राहू द्यावे. पुढील वर्षीचे रान त्यावरच अवलंबून असते. अभयारण्ये व राष्ट्रीय उद्याने यांतून परवानगीशिवाय काहीही गोळा करणे, हा १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमानुसार गुन्हा ठरतो.

गोळा केलेले बी सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवावे. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल कोंडते व बुरशी धरते. पाकिटावर वनस्पतीचे नाव, ठिकाण व दिनांक लिहावा. पळसाच्या बियांना मात्र हा नियम लागू नाही. त्याची चपटी शेंग उन्हाळ्याच्या अखेरीस पिकते, टोकाशी एकच बी असते आणि त्याची उगवणशक्ती फार काळ टिकत नाही. ते ताजेच पेरावे, तेही कायमच्या जागी. कारण त्याचे सोटमूळ खोल जाते व रोप उपटून लावणे त्याला मानवत नाही.

ग्वाल्हेरकडे पाऊस महाराष्ट्रापेक्षा उशिरा, साधारणतः जूनच्या अखेरीस सुरू होतो आणि वर्षभरात सुमारे ८० ते ९० सेंटिमीटर पडतो. जूनच्या प्रारंभी पेरणी करण्याची महाराष्ट्रातील सवय येथे उपयोगी पडत नाही. तापलेल्या जमिनीत बी वाया जाते. एक-दोन चांगल्या सरी झाल्यावर जमीन हलकीशी उकरून, बारीक बी कोरड्या वाळूत मिसळून फेकावे व वरून मातीचा पातळ थर द्यावा. खत घालू नये. खताने गवत माजते आणि फुलझाडे त्याखाली दबून जातात. गोकर्णाच्या बियांचे कवच कठीण असते. ते खरखरीत दगडावर किंचित घासून रात्रभर पाण्यात भिजविल्यास उगवण बरी होते.

शाळेच्या आवारात कळलावी लावण्याचा मोह टाळावा. तिची लाल-पिवळी फुले कितीही मनोहर असली, तरी सारी वनस्पती, विशेषतः कंद, अतिशय विषारी आहे.

पहिल्या वर्षी पेरलेल्यापैकी थोडेच उगवेल, हे गृहीत धरावे. काय पेरले, कोठे पेरले व काय उगवले, याची नोंद वहीत ठेवावी. शिक्षकाची बदली झाल्यास कार्यभार सोपविताना ही वही व उरलेली पाकिटे नवीन शिक्षकाच्या स्वाधीन करावीत.