निगेटिव्ह कुठे आहे?

माझे मामू छायाचित्रकार होते. अंबाजोगाईत योगेश्वरी देवीच्या मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचे लहानसे दुकान होते. पुढे फोटो काढायची जागा आणि मागे अंधारी खोली. त्या खोलीत फक्त एक लाल दिवा असे. मामू फोटोचा कागद रसायनात बुडवत. पांढऱ्या कागदावर आधी केस, मग डोळे, मग पूर्ण चेहरा दिसू लागे. मी श्वास रोखून पाहत असे. कॅमेरा या शब्दाचा मूळ लॅटिन अर्थ 'खोली' असा आहे आणि आपल्या उर्दूतला 'कमरा' हा शब्दही त्याच कुळातला आहे, हे मला पुढे शाळेत कळले.

एका रोलवर 36 फोटो निघत. फोटो कसा आला, हे रोल धुतल्यावरच कळे. एकदा एका निकाहाच्या वेळी मामूंनी कॅमेऱ्यात रोल भरला. पण रोलचे टोक आतल्या चकरीत अडकले नाही. मामू बटण दाबत राहिले, रोल मात्र जागचा हलला नाही. एकही फोटो आला नाही. मामूंनी पैसे परत केले. दोन महिन्यांनी नवरीचे वडील वारले. ती मुलगी दुकानात आली आणि म्हणाली, "चाचा, अब्बांचा एखादा तरी फोटो निघाला असेल ना?" मामू मान खाली घालून उभे राहिले.

2001 साली मुंबईत कॅमेऱ्यांचे प्रदर्शन भरले होते. रात्रभर एस.टी.चा प्रवास करून आम्ही तिथे गेलो. एका स्टॉलवर डिजिटल कॅमेरा हातात घेऊन पाहू देत होते. त्या काळी तो फार थोड्या लोकांनी पाहिला होता. मामूंनी तो घेतला आणि सवयीने त्याचे मागचे झाकण शोधू लागले. स्टॉलवरच्या ताई हसल्या.

"चाचा, यात रोल नसतो."

"मग निगेटिव्ह कुठे आहे?"

"निगेटिव्ह नाहीच. कशिदा काढताना कापडाच्या एकेका घरात एकेक टाका घालतात ना? तसेच हे आहे. भिंगामागे नखाएवढी चिप आहे. तिच्यावर तीस लाखांहून अधिक बारीक घरे आहेत. आपल्यावर किती उजेड पडला, ते प्रत्येक घर मोजते. ते आकडे या कार्डावर साठतात."

पहिला डिजिटल कॅमेरा अमेरिकेत कोडॅक कंपनीतील अभियंता स्टीव्हन सॅसन यांनी 1975 साली तयार केला. त्याचे वजन सुमारे साडेतीन किलो होते. त्याच्या चित्रात केवळ 10,000 ठिपके असत आणि एक चित्र कॅसेटवर उतरायला 23 सेकंद लागत! मामूंच्या हातातला कॅमेरा तर साबणाच्या डबीएवढा होता.

मामूंनी मला समोर उभे केले आणि बटण दाबले. कॅमेरा क्षणभर थांबला, मग फोटो निघाला. तेवढ्यात माझे डोळे मिटले. मागच्या छोट्या पडद्यावर तो फोटो लगेच दिसला.

"हा उशीर करतो," मामू म्हणाले. "नवरीने मान वर केली, तरी हा झोपलेलाच असेल." पण ते पडद्याकडे बराच वेळ पाहत राहिले. "डोळे मिटले, हे आताच कळले," ते हळूच म्हणाले.

ताईंनी एक बटण दाबले. पडदा रिकामा झाला.

"फोटो कुठे गेला?"

"पुसला, चाचा. बिघडलाच होता."

"आता परत येईल?"

"नाही."

मामूंनी कॅमेरा जपून खाली ठेवला. त्यांच्या दुकानात एक लोखंडी पेटी होती. तिच्यात वीस वर्षांच्या निगेटिव्ह नावे लिहिलेल्या पाकिटांत ठेवल्या होत्या. त्यांपैकी एकही त्यांनी कधी फेकली नव्हती.

कॅमेऱ्याची किंमत ऐकून आम्ही तो घेतला नाही. परतीच्या गाडीत मामू फारसे बोलले नाहीत. पहाटे एकदम म्हणाले, "त्या निकाहाच्या दिवशी हा असता तर?" मी गप्प बसलो.

2005 साली मामूंनी डिजिटल कॅमेरा घेतला. त्यानंतरच्या पहिल्याच निकाहात ते आधी नवरीच्या वडिलांकडे गेले. त्यांचा फोटो काढला आणि पडदा त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चष्मा लावून पाहिले. "टोपी वाकडी आहे हो, दुसरा काढा!"

मामूंनी दुसरा काढला. पहिलाही पुसला नाही.