आऊटरला थांबलेली गाडी

सेलू-परभणी अपडाऊन करणाऱ्यांना वेळापत्रकापेक्षा सिग्नल जास्त पाठ असतात. डब्यात पत्त्यांचा डाव रंगलेला असताना दाराशी उभं राहून, रेल्वेतल्या ओळखीच्यांना विचारून जे कळलं, ते हे.

१. एकेरी मार्गावर क्रॉसिंग, म्हणजे समोरच्या गाडीला वाट देणं, चुकत नाही. परभणी ते मुदखेड दुहेरी रूळ आहे, आपल्या बाजूला मात्र एकेरीच. संभाजीनगर-परभणी दुहेरीकरणाला केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली ती जुलै २०२५ मध्ये. मानवत रोडला गाडी खोळंबली की शिव्या स्टेशन मास्तरला पडतात. पण पुढच्या स्टेशनाने ‘लाईन क्लिअर’ दिल्याशिवाय त्याला गाडी सोडताच येत नाही. दोन्हीकडची ब्लॉक यंत्रं एकमेकांना जखडलेली असतात. एका वेळी एकाच बाजूच्या गाडीला वाट मिळते.

२. शेवटचा डबा बघत जा. त्यावर मोठी फुली असते, ‘एलव्ही’ची पाटी असते, रात्री लाल दिवा लुकलुकतो. एवढं दिसलं म्हणजे गाडी अख्खी आली. नाही दिसलं, तर डबे मागे सुटले असतील असं धरून मागची वाट बंद ठेवतात. आता बऱ्याच ठिकाणी ॲक्सल काउंटर हेच काम करतो: आत किती चाकं गेली, बाहेर किती आली, हिशोब जुळला तरच रूळ मोकळा.

३. एक पिवळा म्हणजे ड्रायव्हरला सांगणं: पुढचा सिग्नल लाल असेल असं समजून या.

४. ‘सिग्नल फेल’ ऐकून घाबरू नका, वैतागा खुशाल. स्टेशनाच्या हद्दीत रुळातून बारीक वीज खेळवलेली असते. गाडीची चाकं ती मधेच वळवतात आणि यंत्रणेला कळतं, इथे गाडी आहे. तार तुटली, वीज गेली, तरी यंत्रणा तेच समजते आणि लाल दाखवते. शंका आली की थांबवायचं, ही या खात्याची सगळ्यात शहाणी सवय. उशीर होतो तो तिच्यापायीच.

५. मराठवाड्याला सगळं उशिरा मिळतं, ही आपली तक्रार ‘कवच’ या टक्कर टाळणाऱ्या यंत्रणेपुरती खोटी आहे. दिल्ली-मुंबईसारख्या मोठ्या मार्गांच्या आधी ते दक्षिण मध्य रेल्वेवर बसलं, त्यात मनमाड-परभणी-नांदेड आणि बिदर-परळी-परभणी हे आपले मार्ग. रुळांमधल्या टॅगवरून इंजिनाला आपली जागा कळते, रेडिओवरून पुढच्या सिग्नलची खबर मिळते. ड्रायव्हरने लाल असूनही गाडी रेटली, तर ब्रेक आपोआप लागतो. मार्च २०२२ मध्ये सिकंदराबाद विभागात कवचाच्या चाचणीला रेल्वेमंत्री इंजिनात बसले होते, समोरून दुसरं इंजिन येत होतं. ३८० मीटर आधीच गाडी थांबली. मात्र इंजिनातही हे यंत्र हवं; नुसतं रुळाशी असून भागत नाही. आणि रुळावर अडकलेला ट्रॅक्टर कवचाला दिसत नाही.

६. म्हणून फाटकाबद्दल थोडं. सिग्नलशी जोडलेलं फाटक पूर्ण लागून कुलूप बसल्याशिवाय गाडीला सिग्नल मिळत नाही. उसाची गाडी मधे घालून ‘दोन मिनिटं थांब’ म्हणत गेटमनशी हुज्जत घालणारे तिकडे आऊटरला, स्टेशनाबाहेरच्या सिग्नलला, गाडी अडवून ठेवतात. त्या गाडीत दवाखान्याला निघालेलं आपल्याच गावचं कुणी असू शकतं. फाटक पडायला लागलं की अलीकडेच थांबा.