महाडचा तहकूब सत्याग्रह आणि आपले निर्णय

निर्णय योग्य होता की अयोग्य, हे त्याच्या परिणामावरून ठरविण्याची आपणा सर्वांस सवय आहे. ही सवय किती फसवी आहे, हे आपल्याच जिल्ह्यातील महाडच्या उदाहरणावरून पाहता येते.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी घेतले. तो दिवस आपण साजरा करतो. त्याच वर्षीच्या डिसेंबराचा अभ्यास मात्र क्वचितच करतो. सत्याग्रहासाठी परिषद पुन्हा भरणार होती. तत्पूर्वी विरोधकांनी दिवाणी दावा लावून न्यायालयाचा तात्पुरता मनाईहुकूम मिळविला. तरीही हजारो माणसे पदरमोड करून जमली. ३,८८४ जणांनी तुरुंगात जाण्याच्या तयारीने नावे नोंदविली. आणि २७ डिसेंबरला बाबासाहेबांनीच, दाव्याचा निकाल लागेपर्यंत सत्याग्रह तहकूब करण्याचा ठराव मांडला. त्या दिवशी मिरवणूक तळ्यापर्यंत गेली. पाण्याला कोणी हात लावला नाही.

‘एवढे आलोच आहोत, तर...’ ही भावना तेथे किती प्रबळ असेल! परंतु झालेला खर्च कोणताही मार्ग धरला तरी परत येणार नव्हता. विचार पुढचाच करावयाचा होता. हुकूम मोडल्यास सनातन्यांबरोबर सरकारशीही झुंजावे लागले असते. थांबल्याने मात्र सत्याग्रहाची वाट कायमची बंद होत नव्हती. पुढे १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला. तो विरुद्ध लागता, तरीही १९२७ चा निर्णय त्या वेळच्या माहितीवर योग्यच होता, असे आमचे मत आहे.

आज याच जिल्ह्याच्या किनारपट्टीवर बंगल्यांसाठी जमिनीला गिऱ्हाइके येतात. मुलीच्या उच्च शिक्षणासाठी जमीन विकावी की कर्ज काढावे? कर्ज निर्धोक नाही. नोकरी लांबली तर हप्ते चुकत नाहीत. पण कर्ज फिटू शकते. खरेदीखत झाल्यावर सातबाऱ्यावरचे नाव सहसा परत येत नाही. म्हणून विक्रीचा निर्णय अधिक सावकाश घ्यावा, आणि निम्मी जमीन विकून भागते काय, हेही पाहावे. तसेच, न झेपणाऱ्या अभ्यासक्रमाची दोन वर्षांची फी भरली, हे तिसऱ्या वर्षाची फी भरण्याचे कारण होत नाही. (फी भरणाऱ्या वडिलांना हे पटविणे सर्वांत कठीण!)

अशा वेळी आज काय ठाऊक आहे, कशाचा केवळ अंदाज आहे आणि काय कळल्यास मत बदलू, हे घरातील सर्वांनी, मुलीसह, एका कागदावर तारीख घालून लिहावे. पाच वर्षांनी घरात वाद निघाला, तर तो कागद उपयोगी पडतो. तोवर प्रत्येकाची आठवण परिणामाप्रमाणे बदललेली असते.