बाहुलीला मारणारे मूल माणसाला मारील का?

मूल मारकुटे झाले की घरात पहिला दोष मोबाईलला जातो. "बघून बघूनच शिकला," असे आपण म्हणतो. यावर प्रयोगशाळेत बरेच संशोधन झाले आहे. ते आपल्या घराला किती लागू पडते, ते आम्ही येथे सोप्या शब्दांत मांडत आहोत.

१९६१ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात अल्बर्ट बंडुरा यांनी ७२ बालकांवर प्रयोग केला. काही मुलांसमोर एका मोठ्या व्यक्तीने हवा भरलेल्या 'बोबो' बाहुलीला ठोसे मारले, हातोडीने बडवले. नंतर मुलांना बाहुलीजवळ सोडले, तेव्हा त्यांनीही तसेच केले. १९६३ साली फिल्म दाखवूनही हेच दिसले.

पण ही बाहुली आडवी केली की पुन्हा उभी राहते. तिला लागत नाही, ती रडत नाही. मुलांची पाहणीही लगेचच, २० मिनिटे झाली. नर्सिंग शिकताना आम्हाला सांगत, काचेच्या बशीत जंतू मारणारे औषध रुग्णाला बरे करीलच असे नाही. तसेच हे आहे.

१९६५ च्या प्रयोगात, फिल्ममधल्या मारणाऱ्याला शिक्षा झालेली पाहणाऱ्या मुलांनी नक्कल कमी केली. बक्षीस देऊ केल्यावर मात्र त्यांनीही ते करून दाखवले. म्हणजे मूल पाहून शिकते हे खरे. पण शिकलेले सगळे ते करतेच असे नाही.

अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने २०२० साली सांगितले, की हिंसक व्हिडिओ गेमचा ओरडणे, ढकलणे अशा वागण्याशी थोडा संबंध दिसतो. पण खऱ्या हिंसाचाराचे खापर गेमवर फोडण्याइतका पुरावा नाही.

म्हणून मोबाईल काढून घेतला की काम झाले, असे समजू नका. घरात मारहाण होते का? शाळेत कोणी त्रास देते का? झोप पुरते का? हे आधी विचारा. लहान मुलांना मारामारी दाखवू नयेच, दिसली तर सोबत बसा आणि "खऱ्या माणसाला किती लागेल?" असे बोला. मूल वारंवार इजा करत असेल तर डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला दाखवा. मुलालाच कोणी मारत असेल तर १०९८ या चाइल्डलाइनवर फोन करा.