लवकर निवृत्ती : स्पेन की ग्रीस? (इयत्ता नववी-दहावीसाठी तुलनेचा पाठ)



दहावीच्या भूगोलात आपण वर्षभर भारत आणि ब्राझील यांची तुलना शिकवतो. मुलं तक्ता छान भरतात, पण ही तुलना कशासाठी करायची हा प्रश्न तासाला क्वचितच येतो. म्हणून एखादा खराखुरा प्रश्न पुढ्यात ठेवून तुलना करायला लावा. सध्या मोबाइलवर एक विषय जोरात आहे. पंचेचाळिशीत नोकरी सोडायची आणि भूमध्य समुद्राकाठच्या एखाद्या 'स्वस्त' देशात जाऊन आरामात राहायचं. मुलं हे व्हिडिओ बघतात, पालकही बघतात. मग घ्या स्पेन आणि ग्रीस. भूगोल आणि गणिताच्या शिक्षकांनी मिळून दोन तासिका दिल्या की पाठ होतो.

आधी नकाशा. हवामानात दोघांत फारसा फरक नाही. आपल्याकडे जून ते सप्टेंबर धो धो पाऊस, तर तिकडे नेमका तोच काळ कोरडा आणि पाऊस हिवाळ्यात. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, हे व्हिडिओत कुणी सांगत नाही. भाषेच्या बाबतीत स्पॅनिशची लिपी इंग्रजीचीच. ग्रीक लिपी वेगळी, पण मुलांना पाय, थीटा, अल्फा आधीच माहीत असतात. हे सांगितलं की वर्ग खूश होतो.

आता खर्च. सर्वसाधारण किंमतपातळी पाहिली तर ग्रीस स्पेनपेक्षा थोडा स्वस्त, आणि दोन्ही देश युरोपीय संघाच्या सरासरीपेक्षा स्वस्त. बहुतेक मुलं इथेच 'ग्रीस' असं उत्तर लिहून मोकळी होतात. त्यांना इथेच थांबवा आणि विचारा, "तिथे राहू कोण देणार?"

युरोपबाहेरच्या माणसाला तिथे नोकरी न करता राहायचं तर वेगळा व्हिसा लागतो, आणि त्यासाठी ठराविक उत्पन्न दाखवावं लागतं. २०२५ चे आकडे फळ्यावर लिहा. स्पेनमध्ये एका माणसाला महिना २,४०० युरो आणि जोडीदारासाठी आणखी ६००. ग्रीसमध्ये एकाला ३,५०० युरो, जोडीदारासाठी त्यावर २० टक्के. हिशेब सोपा जावा म्हणून १ युरो म्हणजे १०० रुपये धरा. नवरा-बायकोला स्पेनसाठी महिना ३ लाख, म्हणजे वर्षाला ३६ लाख रुपये दाखवावे लागतात. ग्रीससाठी महिना ४ लाख २० हजार, वर्षाला ५० लाख ४० हजार. म्हणजे राहायला स्वस्त असलेला देश आत शिरायला महाग निघाला. वर ही रक्कम तिथे पगार कमावून उभी करता येत नाही. ती पेन्शन, भाडं, व्याज अशा मार्गानेच यायला हवी.

उलट बाजूही सांगा. परदेशातून येणाऱ्या पेन्शनवर ग्रीस काही अटींवर १५ वर्षं सपाट ७ टक्के कर घेतो. स्पेनमध्ये मात्र वर्षात १८३ दिवसांपेक्षा जास्त राहिलात की साधारणपणे तुमच्या जगभरच्या उत्पन्नावर चढत्या दराने कर लागतो. म्हणजे ज्याच्याकडे भरपूर पेन्शन आहे त्याला ग्रीस परवडेल, आणि ज्याची उत्पन्नाची अट जेमतेम पुरी होते त्याला स्पेन. 'कोणता देश स्वस्त?' याचं उत्तर देशावर नाही, विचारणाऱ्याच्या खिशावर ठरतं. माझ्या मते या पाठातली हीच मुख्य गोष्ट.

मग हे देश स्वस्त आहेत असं म्हणतो कोण? जर्मनीचा, ब्रिटनचा पेन्शनर. पगार महाग देशात कमावला, खर्च स्वस्त देशात केला. आपल्या आजरा-चंदगड-गडहिंग्लजकडच्या माणसाला हे नवीन नाही. मुंबईत गिरणीत नाहीतर गोदीत राबायचं आणि निवृत्त झालं की गावी घर बांधून राहायचं, यामागचं गणित हेच. कोल्हापूरहून स्पेनला जाणारा मात्र ते उलटं करतो. स्वस्त गावात कमावलेले पैसे महाग गावात खर्च करतो. महिना ४० हजार पेन्शन धरली तर स्पेनच्या अटीच्या १३ टक्केच भरते. आणि आपल्यातले जे १ नोव्हेंबर २००५ नंतर सेवेत आले, त्यांचा पेन्शनचा प्रश्न वेगळाच आहे. त्यावर २०२३ च्या मार्चमध्ये संप झाला, तो सगळ्यांना आठवत असेल.

मुलांना आणखी एक गंमत दाखवा. ग्रीसमध्ये पूर्ण पेन्शनचं वय ६७ आहे आणि स्पेनही २०२७ पर्यंत ६७ वर येणार आहे. आपण ५८ ला निवृत्त होतो. ज्या देशात आपण पंचेचाळिशीत आराम करायला निघालो, तिथला भाजीवाला अजून वीस वर्षं काम करणार आहे.

आता गणिताची तासिका. आठवीत शिकलेलं चक्रवाढ व्याज इथे कामाला येतं. महागाई वर्षाला ६ टक्के धरली तर खर्च साधारण १२ वर्षांत दुप्पट होतो. पंचेचाळिशीत नोकरी सोडलेला माणूस पंच्याऐंशीपर्यंत जगला तर ४० वर्षं झाली, आणि १.०६ चा ४० वा घात येतो १०.२९. आज महिना ३० हजारांत चालणाऱ्या कोल्हापुरातल्या घराला तेव्हा ३ लाख लागतील. स्पेनचा आजचा आकडा आपल्याला घरबसल्या गाठायचा आहे! हे वाक्य मुलांना स्वतः शोधू द्या, आधी सांगू नका.

लवकर निवृत्तीचं जितंजागतं उदाहरणही आपल्याच जिल्ह्यात आहे. शिरोळ तालुक्यातलं सैनिक टाकळी घ्या. पिढ्यान्‌पिढ्या इथली माणसं सैन्यात जातात. जवानाला १५ वर्षांच्या सेवेनंतर पेन्शन मिळते, त्यामुळे अठराव्या वर्षी भरती झालेला माणूस पस्तीस-चाळिशीत घरी येतो. पण तो आराम करतो का? कुणी शेती बघतो, कुणी दुकान टाकतो, कुणी बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभा राहतो. २०२२ पासून अग्निपथ योजना आली. चार वर्षांनी चारातले तीन बाहेर पडतील. त्यांना पेन्शन नाही, सुमारे ११ लाख ७१ हजारांचा सेवानिधी मिळेल. स्पेनच्या अटीप्रमाणे ही रक्कम चार महिनेही पुरत नाही. पहाटे भरतीसाठी पळणारी मुलं तुमच्याही वर्गात असतील. हा हिशेब त्यांच्यासमोर त्यांना न हिणवता, सावकाश मांडा. त्या रकमेचं काय करता येईल, यावर वर्गात अर्धा तास सहज जातो.

गृहपाठ : प्रत्येकाने एका निवृत्त माणसाला भेटायचं. जवान, गिरणी कामगार, शिक्षक, कुणीही चालेल. निवृत्त झालात तेव्हा महिन्याचा खर्च किती होता, आज किती आहे, आणि मधल्या काळात दुसरं काम धरावं लागलं का, हे विचारून वहीत लिहायचं. पेन्शनचा आकडा विचारायचा नाही. त्यांनी आपणहून सांगितला तर ठीक. पालकहो, आजी-आजोबा घरात असतील तर हा गृहपाठ तुम्हीही शेजारी बसून ऐका.