देखण्या मॉडेलला टेप लावून पाहा

मोबाइलवर एखाद्या वास्तूचे शे-दीडशे फोटो काढायचे, सॉफ्टवेअरला द्यायचे, थोड्या वेळात थ्रीडी मॉडेल तयार. मग यात करिअर ते काय? पालकांचा हा प्रश्न रास्त आहे. फोटो जोडायचं काम आता मशीन करतं, त्याचे पैसे फार दिवस कोणी देणार नाही. पैसे मिळतील ते मॉडेल किती खरं आहे, हे छातीठोकपणे सांगणाऱ्याला.

पनवेलजवळ शिरढोणला वासुदेव बळवंत फडक्यांचा वाडा आहे. १८४५ साली त्यांचा जन्म याच गावातला. अशा वाड्याची लांब भिंत नुसती समोरून, सरळ चालत टिपली तर लेन्सची बारीकशी चूक फोटोगणिक साठत जाते आणि मॉडेलमध्ये भिंत वाकते. उद्या एखादा इंजिनीअर ते पाहून ‘भिंतीनं पोट काढलंय’ म्हणेल आणि धडधाकट भिंतीला टेकू देईल! म्हणून तिरपे फोटोही हवेत, शेजारच्या दोन फोटोंत सत्तर-ऐंशी टक्के भाग सामाईक हवा. चुन्याची कोरी भिंत तर सॉफ्टवेअरला चकवतेच. धरायला खूणच नसते.

शिवाय नुसत्या फोटोंवरून आकार कळतो, माप नाही. टेपनं दोन अंतरं मोजा. एक सॉफ्टवेअरला द्या, दुसरं खिशात ठेवा. मॉडेल तयार झालं की खिशातल्या मापाशी ताडून पाहा. फरक निघेल तीच तुमची चूक. व्यवसायात हेच टोटल स्टेशन या मोजणीयंत्रानं, अनेक बिंदूंवर करतात.

हे शिकायचं तर दहावीनंतर आयटीआयचा सर्व्हेअर ट्रेड किंवा सिव्हिल डिप्लोमा, पदवीनंतर जिओइन्फर्मेटिक्स. पुरातत्त्वाची ओढ असेल तर पुण्याचं डेक्कन कॉलेज. खरं सांगायचं तर पुरातत्त्व खात्यात जागा मोजक्याच; त्यावर विसंबू नका. पण हीच विद्या खाणी, रस्ते, रेल्वेच्या मोजणीत चालते. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणं ड्रोननंच मोजली गेली.

ड्रोनची खरेदी मात्र आत्ताच नको. पनवेल परिसरात आता विमानतळ आहे. उडवण्याआधी ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा पाहावाच लागतो. घरातला मोबाइल आणि स्टीलचा टेप पुरे. देवळापुढची दीपमाळ टिपा, मॉडेलखाली चूक मिलिमीटरमध्ये लिहा आणि कुठे मुलाखत असेल तर तोच कागद न्या.