मतलईच्या नादी लागू नको

वेंगुर्ले

चि. सई हीस,
मामाचे अनेक आशीर्वाद.

धाकट्या मावशीचा जावई परवा येऊन जे सांगून गेला, ते अजून माझ्या गळी उतरत नाही. फोन केला तर तू ‘काय नाय रे मामा’ म्हणून विषय संपवणार, म्हणून लिहायला बसलो. तो म्हणाला, मोरजीला चार-पाच दिवस वारा पडला होता, पोरगी दिवसभर शॅकमध्ये मोबाइल घेऊन लोळत होती आणि मग एका सकाळी मतलई सुटलेली बघून एकटीच काइटसर्फिंगची काइट घेऊन समुद्रात उतरली. शापोऱ्याच्या मुखाबाहेरून होडीवाल्यांनी उचलून आणली. हे खरं का? खरं असेल तर तुझ्या आईच्या कानावर जायच्या आत मला कळव. खोटं असेल तर जावयाचा कान मी धरतो.

खारे वारे, मतलई वारे हे तुला शिकवायला नको. तरी लिहितो. रात्री जमीन गार होते आणि पहाटे वारा समुद्राकडे वाहायला लागतो. माडांच्या आडोशाला उभं राहिलं की तो अगदी मऊ लागतो. खरा जोर बाहेर गेल्यावर कळतो. बरं, ऊन चढलं की तोच मरतो आणि दुपारचा वायव्येचा वारा भरेपर्यंत मधे सगळं ठप्प. तेवढ्यात काइट पाण्यात पडली तर ती उठवणार कशाने? खारा वारा निदान चुकलेल्या माणसाला किनाऱ्याला आणून टाकतो. मतलई बाहेर नेते आणि मधेच सोडून देते. तुझे आजोबा शिडाच्या होडीने याच मतलईवर बाहेर जायचे आणि दुपारच्या वाऱ्यावर परत यायचे. पण होडीत वल्ही असायची, पिण्याचं पाणी असायचं, बरोबर माणसं असायची. तुझ्याबरोबर कोण होतं?

बोर्डाखालचं ते फॉइल घेतल्यापासून तू बिघडलीस. साध्या बोर्डाला बारा-पंधरा नॉट लागायचे, तेव्हा झक मारत बसायचीस तरी. आता आठ-दहा नॉटांवर उचलून धरतं म्हणून जरा झुळूक आली की निघाली बाई. 2024 ला काइट पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आली, ती तूच मला दाखवलीस. मार्सेयला वारा पडला, शर्यती पुढे ढकलल्या, तेव्हा जगातले एकाहून एक खेळाडू किनाऱ्यावर बसून होते. त्यांना थांबता येतं, तुला येत नाही?

मोबाइल बघत बसलीस त्याचा राग नाही, गो. पण माझा जन्म एसटीच्या वर्कशॉपात गेला. गाडी डेपोत उभी असते तेव्हाच तिचे ब्रेक बघून घ्यायचे असतात, घाटात नाही. गेल्या मे महिन्यात तू आपल्या अंगणात लाइनी पसरल्या होत्यास, आठवतं? चारही टोकं माडाला बांधून तू बार ताणलास, तर मधल्या दोन बोटभर लांब निघाल्या. तूच मला समजावलंस, की ओढ मधल्यांवर जास्त, म्हणून त्या ताणतात. मग मागच्या आखूड पडतात आणि काइट उलटी मागे येऊन कोसळते. त्यानंतर पुन्हा मोजल्यास का? काइटची ओढ तोडणाऱ्या क्विक रिलीजमधली वाळू गोड्या पाण्याने धुतलीस? संध्याकाळी काइटमध्ये हवा भरून ठेव आणि सकाळी दाबून बघ. मऊ पडली असेल तर साबणाचं पाणी फिरवून भोक शोध.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे परत येणं. कुणाला तरी किनाऱ्यावर उभं करून शांत पाण्यात उतर. रिलीज ओढ, लाइनी बारवर गुंडाळत काइटपर्यंत जा, तिला धरून पोहत काठ गाठ. कंटाळा येईपर्यंत कर. जीव घाबरला की डोकं चालत नाही, हातांना सवय असेल तेवढंच होतं. हे झालं की मग खुशाल मोबाइल बघ. मतलईत मात्र उतरायचं नाही.

मी तरी कुठला शहाणा. वारा पडला की बाबा पडवीत शीड पसरून शिवत बसायचे. मेणवलेलं सूत, जाड सुई, तळहातावर चामड्याचा तुकडा. शिडाला पोट कुठे द्यायचं, कुठे ताठ ठेवायचं, हे त्यांच्या बोटांना माहीत होतं. ‘बस जरा’ म्हणायचे. मी पत्ते कुटायला पळायचो. मला वाटायचं, बाबा काय, नेहमीच असणार पडवीत. आता तू शिडासारखंच काहीतरी आभाळात उडवतेस आणि मला विचारतेस, मामा, हे असं का कापलंय? मला सांगता येत नाही. त्यांना सांगता आलं असतं. तू त्यांच्यावर गेली आहेस, म्हणूनच जास्त भीती वाटते. त्यांनाही घरात बसवत नसे.

फार बोललो. रागावून जेवण टाकू नको. तू पहिल्यांदा पाण्यावर उभी राहिलीस तेव्हा वाळूत येड्यासारखा ओरडणारा मीच होतो, हे विसरलेलो नाही. ते सोड म्हणून मी कधीच सांगणार नाही.

पुन्हा वारा पडला की इकडे निघून ये. मामी आंबोळ्या घालील. एखादी काइट फाटली असेल तर ती पण आण. बाबांची सुई अजून आहे. मला शिवता येणार नाही. तू शिव, मी जवळ बसेन.

तुझा,
मामा

ता. क. त्या होडीवाल्यांच्या घरी जाऊन नमस्कार करून ये. रिकाम्या हाताने जाऊ नको. पैसे लागले तर आईला न सांगता मला सांग.